पाणीवेळ

७ एप्रिल, सोमवार
कंपनीचं वार्षिक मेडिकल. गेटजवळ व्हॅन आली होती. रक्त दिलं. सुई टोचताना दुसरीकडे पाहिलं नाही. ड्रायर सेक्शनची सगळी माणसं रांगेत होती आणि सुपरवायझर कुठे बघतो हे माणसं बघतात.
आजपासून रोजनिशी. बायकोचं, सुनिताचं म्हणणं, मी जेवताना एकटाच बोलतो. लिहिलेलं बरं.
ड्रायरजवळ बेचाळीस अंश. सध्या लाल रंगाची पूड वाळवणं चालू आहे.

९ एप्रिल, बुधवार
रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन १७.६. सेक्शनमध्ये सर्वांत जास्त. पुरुषाला सतरापर्यंत पुरतं असं कागदावर छापलं आहे. माझं त्याच्याही वर.
खाली क्रिएटिनिन नावाची एक गोष्ट आहे. ती १.३ पर्यंत हवी. माझी १.५४. तिच्यापुढे बाण काढला आहे.

१० एप्रिल
डॉक्टर मॅडमनी बोलावलं. हिमोग्लोबिनचा विषय मीच काढला. त्या म्हणाल्या, ती ताकद नाही, रक्त आटलंय. उन्हाळ्यात घाम जातो, त्या मानाने पाणी पोटात जात नाही, मग रक्तातलं सगळंच वाढलेलं दिसतं. किडनीवर ताण येतो. दिवसाला तीन लिटर पाणी प्या, घाम जास्त गेला तर आणखी. पंचवीस तारखेला पुन्हा तपासू. तेव्हाही वाढलेलं दिसलं तर ड्रायर सोडावा लागेल. स्टोअरला खुर्ची देतील.
मी चौदा वर्षं ड्रायरवर आहे. स्टोअरला खुर्चीवर कोण बसतं ते मी पाहिलं आहे.
सेक्शनमध्ये बाण दोघांनाच. मला आणि नागूला. नागू कॉन्ट्रॅक्टचा. कोंडाणे गावाच्या वरच्या आदिवासी वाडीतून येतो, पंचवीस किलोच्या पिशव्या उचलतो. त्याचं १.९. तोही पंचवीसला. त्याला खुर्ची नाही. वाढलेलं निघालं तर कॉन्ट्रॅक्टर दुसरा माणूस आणेल.
नागूचं कारण वेगळं असणार. ही माणसं रानातलं काय काय खातात.

११ एप्रिल
संकल्प : रोज तीन लिटर. एक लिटरच्या तीन बाटल्या घेतल्या. प्रत्येकीवर मार्करने आकडा घातला.
अडचण एकच. शिफ्टमध्ये पिता येणार नाही. ते तत्त्वात बसत नाही.
तत्त्व लिहून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या सेक्शनमध्ये कूलरपाशी सतत दोन माणसं उभी असायची. एक पिणारा, एक त्याच्याशी बोलणारा. प्यायलेला माणूस मग अर्ध्या तासाने संडासाकडे जायचा आणि संडास भंगारयार्डच्या पलीकडे. मी मोजलं. दर शिफ्टला एकूण पन्नास मिनिटं. मग पाणीवेळ सुरू केली. नऊ, बारा, तीन. माणशी एक ग्लास. एरवी कूलरला कुलूप, चावी माझ्याकडे, तिला लाल रिबीन. वेळेबाहेर कुणाला हवंच असेल तर रजिस्टर आहे : नाव, वेळ, ग्लास, कारण. कारणाच्या रकान्यात 'तहान' चालत नाही. तहान सगळ्यांनाच लागते.
त्या वर्षी बेस्ट सेक्शनचं सर्टिफिकेट आम्हाला मिळालं. कूलरच्या वरच लावलं आहे.
लोकांना मोजून द्यायचं आणि आपण घटाघट प्यायचं, हे मला जमणार नाही. म्हणून मी शिफ्टमध्ये पाणी पीतच नाही. अर्धा कप चहा.
तेव्हा तीन लिटर सकाळी सहा ते सात आणि संध्याकाळी सहानंतर. शिस्त असेल तर अवघड नाही.

१२ एप्रिल
सकाळी सव्वा लिटर. कर्जतहून बाईकवर निघालो. चौक गावाच्या आधी दोनदा गाडी थांबवावी लागली. दुसऱ्या वेळी मागून कंपनीची बस गेली. खिडकीत ओळखीचे चेहरे.
सकाळचं पाणी कमी करावं. संध्याकाळी भरून काढता येईल.

१३ एप्रिल, रविवार
एकूण २ लि. २००. चहा धरून.

१५ एप्रिल
डॉक्टर म्हणाल्या होत्या, लघवीच्या रंगावर लक्ष ठेवा. फिकट, वाळल्या गवताइतका हवा. वाळलं गवत हे काही माप नव्हे. कंपनीचं पिवळ्याचं शेडकार्ड घरी आणलं. बारा छटा, नंबरासकट. संडासात खिळ्याला टांगलं. सुनिताने विचारलं हे काय. सांगितलं. ती गॅसकडे वळली.
आज शेड ८. लक्ष्य शेड ३.
एकूण १ लि. ७००. आमटी धरून.

१६ एप्रिल
नागूला शेडकार्ड दाखवलं. म्हटलं, तुझा कुठला. त्याने नीट पाहिलं, मग नवावर बोट ठेवलं. बोटाच्या नखात लाल पूड, म्हणून नऊ आणि दहाच्या मध्ये ठेवलं असावं.
त्याला विचारलं, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घरी पितोस का. तो म्हणाला पितो. वाडीतली विहीर मार्चमध्येच आटली. बायको, मैना, ओढ्यात खणलेल्या डवऱ्यावरून हंडे आणते. अर्धा तास उतार, पाऊण तास चढ. आधी दोन खेपा करायची. डॉक्टरांनी सांगितल्यापासून त्याच्यासाठी तिसरी करते.
ऐकून बरं वाटलं. संकल्प असा हवा. माझ्या घरी नळ आहे आणि मी आमटी धरतो आहे.

१७ एप्रिल
एकूण १ लि. ४००. कलिंगड धरून.
दुपारी दोनला डोकं दुखलं. ड्रायरचा आवाज वाढला आहे. मेंटेनन्सला कळवलं. त्यांनी तपासलं, आवाज तेवढाच आहे म्हणाले.

१९ एप्रिल, शनिवार
धाकलू हा माझा सीनिअर ऑपरेटर. आज त्याने पाणीवेळ दिवसातून पाचदा करावी असं सुचवलं. पंचवीसपर्यंत तरी, नागूसाठी. मी त्याला समजावलं की एका माणसासाठी वेळ बदलली तर ती वेळ राहत नाही. शिवाय नागूचं पाणी घरी चालू आहे. धाकलूने मान हलवली. त्याला पटलं असावं.

२१ एप्रिल
शेड ९.
कार्ड उन्हाने उतरलं असेल. संडासाची खिडकी पश्चिमेला आहे.

२२ एप्रिल
विचार केला. तीन लिटरची सवय लावण्यात वेळ गेला. परीक्षा एकाच दिवसाची आहे. रक्त त्या दिवशीचं बघणार, एप्रिलचं नाही. तेव्हा सगळा जोर चोवीस-पंचवीसला लावावा. पंचवीसला रजा टाकली. चौदा वर्षांत पहिली.
सुनिता म्हणाली, मग रोजच का नाही पीत. तिला कंपनी कशी चालते ते माहीत नाही.

२४ एप्रिल, गुरुवार
धाकलूकडे चार्ज दिला. सगळं सांगितलं. पाणीवेळ नऊ, बारा, तीन. माणशी एक. रजिस्टर त्याच्या हातात दिलं. काही राहिलं नाही.
कॉन्ट्रॅक्टवाल्यांसाठी व्हॅन उद्या तीन वाजता कंपनीतच येणार. मला कर्जतच्या लॅबमध्ये चार वाजता बोलावलं आहे. नागूला म्हटलं, भरपूर पाणी पी. तो हो म्हणाला.

२५ एप्रिल, शुक्रवार
६.०० – अर्धा लिटर. शेड ७.
७.३० – अर्धा लिटर. लिंबू, मीठ.
८.४५ – पाव लिटर. शेड ५. प्रगती.
९.१० – फोन सायलेंटवर होता. धाकलूचे तीन मिस्ड कॉल. पिशव्या शिवायचा दोरा संपला तरी तो फोन करतो. रजेच्या दिवशी कामाचा फोन घ्यायचा नाही, हे मीच सेक्शनला शिकवलं आहे.
१०.३० – अर्धा लिटर.
१२.०५ – पुन्हा धाकलू. दोनदा. शेड ४.
१.०० – पंख्याखाली पडून राहिलो. बाहेर त्रेचाळीस अंश म्हणे. पाऊण लिटर, थांबून थांबून.
२.५० – धाकलू. दोनदा. एकूण सात. ही चिकाटी त्याने कामात दाखवावी.
३.१५ – आणखी सहाशे मिली. शेड ३. सुनिताला बोलावून दाखवावंसं वाटलं. दाखवलं नाही.
४.०० – रक्त दिलं. सहज आलं.
आजचं एकूण ३ लि. १००. काहीही न धरता.

२६ एप्रिल, शनिवार
चौथा शनिवार, सेक्शनला सुट्टी. फक्त डॉक्टर मॅडमकडे जाऊन आलो. क्रिएटिनिन १.१२. बाण नाही. फिट.
हिमोग्लोबिन मात्र १५.१ वर आलं. वाईट वाटलं. सोडियम किंचित कमी. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, दिवसभरात एवढं एकदम ओतायचं नसतं, रोज थोडं थोडं प्या. मग म्हणाल्या, म्हणजे तुमचा आजार नव्हताच, फक्त पाणी कमी पडत होतं. कामावर प्यायला काय अडचण आहे?
मी म्हटलं, काही नाही.
नागूचाही रिपोर्ट त्यांच्यासमोर होता. २.१. वाढलं. त्यांनी विचारलं, तुमच्या सेक्शनमध्ये पाणी मिळतं ना. मी म्हटलं, मॅडम, पाण्यासाठी आमच्याकडे सिस्टिम आहे. दुसऱ्या सेक्शनमध्ये ती पण नाही.
येताना पेढे घेतले.

२७ एप्रिल, रविवार
सुनिताने कपडे धुतले. गुरुवारच्या पँटच्या खिशात कूलरची चावी होती. लाल रिबिनीचा रंग सुटून माझ्या पांढऱ्या शर्टाला लागला. हलक्या प्रतीची रिबीन. आपल्या कंपनीचा रंग असा सुटत नाही.

२७ एप्रिल, संध्याकाळी
सात कॉल. नऊच्या सुमारास तीन, बाराला दोन, तीनच्या आधी दोन.
कँटीनमध्ये पाणी असतंच.

२८ एप्रिल, सोमवार
नऊला कूलर उघडला. सगळे प्यायले. पेढे डब्यात तसेच राहिले.
धाकलूला विचारलं, शुक्रवारी कुलूप तोडलं का नाही. एवढी अक्कल हवी. तो म्हणाला, कुलूप तुमचं, साहेब.
त्याच्याकडून कळलं, शुक्रवारी बाकीचे जेवायला कँटीनला गेले तेव्हा तिथे प्यायले. नागू गेला नाही. बाहेर ट्रक लागला होता आणि पिशव्या भरायच्या होत्या. बाटली आत आणायला परवानगी नाही, पूड पडते. घरची बाटली त्याने सकाळी येतानाच संपवली होती. तीन वाजता हात पुसून तसाच व्हॅनमध्ये गेला.
ट्रक लागला असताना जेवायला न जाणं हा त्याचा निर्णय. मी असतो तर मी त्याला पाठवलं असतं. बहुधा.
सुटताना तो गेटबाहेर उभा होता. उद्यापासून येऊ नको असं त्याला कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं होतं. मला वाटलं चिडला असेल. चिडला नव्हता. त्याला फक्त विचारायचं होतं.
"साहेब, तुमचा पन वाढलावता. तुमचा कसा उतरला?"
मी म्हटलं, पाणी.
त्याने टेंपोसाठी रस्त्याकडे पाहिलं. "मंग माजं बी पानीच आसंल ना."
मी म्हटलं, वैद्यकीय गोष्टी इतक्या सोप्या नसतात. टेंपो आला. तो गेला.

२९ एप्रिल
एचआरच्या निलेशला भेटलो. सहज. त्याने सांगितलं की नागूची तपासणी पुन्हा होऊ शकते. सेक्शनच्या सुपरवायझरने फॉर्म भरून द्यायचा : तपासणीच्या दिवशी काय वेगळं घडलं. कारणाचा एकच रकाना, एक ओळ. पाच मेपर्यंत. त्यानंतर कॉन्ट्रॅक्टर नवीन माणसाचा पास काढणार.
फॉर्म घेतला. एक ओळ म्हणजे दहा मिनिटांचं काम.

३० एप्रिल
मसुदा १ : त्या दिवशी उष्मा अधिक होता.
हे खरं आहे. पण उष्मा सगळ्यांनाच होता.
मसुदा २ : त्या दिवशी पाण्याच्या व्यवस्थेत व्यत्यय आला.
'व्यत्यय' चांगला शब्द आहे. पण निलेश विचारणार, कसला.
मसुदा ३ : कूलर बंद होता.
यावरून कूलर बिघडला होता असं वाटतं. मेंटेनन्सचा माणूस येईल आणि म्हणेल कूलर नीट आहे.

१ मे
सुट्टी. मसुदा ४ : चावी उपलब्ध नव्हती.
याच्या जवळपास काहीतरी हवं. सुनिताला वाचून दाखवला. तिने विचारलं, कुठे होती मग. मी म्हटलं, प्रश्न तो नाही. ती म्हणाली, अहो, माझ्या बादलीत होती.

२ मे
डोकं दुखलं. शेड ८. मोजणं सध्या थांबवलं आहे. फिट असल्यावर मोजायचं कशाला.
सेक्शनला नागूशिवाय पिशव्यांचं काम मागे पडतं आहे. दोन माणसं मिळून त्याच्याइतकं करतात. हे निलेशला सांगावं का. फॉर्ममध्ये घातलं तर वजन पडेल. पण ते कारण नव्हे.

३ मे, शनिवार
मसुदा ७ : चार्ज देताना काही बाबी नजरचुकीने हस्तांतरित झाल्या नाहीत.
हा सर्वांत चांगला. यात सगळं आलं आणि कुणी नाही आलं. सोमवारी चांगल्या अक्षरात उतरवून देणार.

५ मे, सोमवार
सकाळी डायरेक्टरसाहेब राऊंडला आले. सर्टिफिकेट पाहून थांबले. पाणीवेळेबद्दल विचारलं. मी सगळं सांगितलं, मिनिटांसकट. रसायनीच्या प्लँटलाही सुरू करू म्हणाले, तुम्ही एक टिपण लिहून द्या.
अशा दिवशी तो फॉर्म नेऊन देणं बरं दिसलं नसतं. टिपण लिहायला घेतलं. चार पानं झाली. एकटाकी.
फॉर्म उद्या.

६ मे, मंगळवार
अकरा चाळीसला सेक्शनच्या दाराशी एक बाई उभी. हातात प्लास्टिकची पिशवी. मैना, नागूची बायको. कंपनीचे बूट, हेल्मेट आणि कार्ड परत द्यायला आली होती. नागूला वेळ नाही. तो एका फार्महाऊसच्या कंपाउंडला दगड लावतो, उन्हात.
बूट धुतलेले होते. तरी कडेला लाल होतं. कुठल्या पाण्यात धुतले असतील, हे मनात आलं.
तिने पाणी मागितलं.
पाणीवेळेला वीस मिनिटं होती. मी चावी काढली.
एक ग्लास प्यायली. दुसरा अर्धा प्यायली आणि थांबली. ग्लासाच्या बाहेरून बोट फिरवलं, तिथे दव जमलं होतं.
"एवढं गार पानी हाय हितं?"
मी म्हटलं, आहे.
"रोज आसतं?"
मी म्हटलं, असतं.
ती चिडलेली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. "मंग ह्यांनी मला तिसरी खेप कशापायी करायला लावली?"
सेक्शनमध्ये सगळे ऐकत होते. ड्रायर चालू होता तरी ऐकत होते. धाकलूने तोंड फिरवलं.
उरलेला अर्धा ग्लास तिने ओतून दिला नाही. प्यायली, ग्लास धुवायला जागा शोधली, मग पदराने पुसून जागेवर ठेवला आणि गेली.
फॉर्म खिशात होता. तिथेच उभ्याने भरला. मसुदा वापरला नाही. 'कारण' या रकान्यात लिहिलं : कूलरची चावी माझ्या खिशात होती. सही केली. निलेशकडे गेलो.
त्याने वाचलं. दोनदा वाचलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ठोंबरे साहेब, मुदत काल संपली. नवीन माणसाचा पास सकाळीच काढला.
मी फॉर्म परत मागितला. तो म्हणाला, राहू द्या, फाइलला लावतो.
बाराला कूलर उघडला, तीनला उघडला. मी प्यायलो नाही.
शिफ्ट संपताना रजिस्टर बंद करायला घेतलं. वेळेबाहेरची आज एकच नोंद, माझ्याच अक्षरात. नाव : मैना. वेळ : ११.४०. ग्लास : २. पुढचा रकाना रिकामा राहिला होता. रिकामा सोडायचा नाही असा नियम आहे.
कारण : तहान.